पुडी आणि पाकीट

२०२३च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्याला चरस लागला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास कर्द्याच्या पुळणीवर सीमाशुल्क खात्याला पहिली पाकिटं सापडली. मग लाडघर, मुरूड, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ, वरच्या अंगाला केळशी आणि खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातलं बोऱ्या, अशी एकेका गावाची नावं बातम्यांत येत गेली. काही दिवसांत सापडलेल्या मालाचं वजन अडीचशे किलोंच्या वर गेलं. त्याच महिन्यात रायगडात श्रीवर्धनच्या बाजूलाही अशीच पाकिटं मिळाली. कुणी टाकली, कुठल्या बोटीतून पडली, याबद्दल किनाऱ्यावर खूप बोललं गेलं. पंचनाम्यात मात्र ती बेवारस होती.

एकेका पाकिटाचं वजन किलोच्या आसपास किंवा त्याहून थोडं जास्त होतं. अमली पदार्थ कायद्यात हा आकडा महत्त्वाचा आहे. चरस एक किलोच्या वर गेला की ते 'व्यापारी प्रमाण' होतं आणि शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल वीस वर्षं. म्हणजे कर्द्याच्या वाळूतलं जवळजवळ प्रत्येक पाकीट एका माणसाच्या दहा वर्षांइतकं जड होतं. आरोपीच्या रकान्यात लिहायला नाव तेवढं हाताशी नव्हतं.

नावं सापडतात ती दुसऱ्या टोकाला. रत्नागिरीच्या स्थानिक वर्तमानपत्रांत अधूनमधून चार ओळींची बातमी असते. शहराच्या कडेला मोकळ्या जागेत पोरं बसलेली, खिशात गांजाची पुडी किंवा काही ग्रॅम ब्राउन हेरॉइन, गुन्हा दाखल. बातमीत वय असतं, गाव असतं, आडनाव असतं. या मुलांच्या घरी पुढे काय होतं, हे कोकणातल्या लहान गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुंबईत माणूस गर्दीत विरघळतो. इथे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं की अमक्याचा मुलगा 'त्या' केसमध्ये होता. मग कंपनीतली नोकरी, लग्नाची बोलणी, पासपोर्ट, आखाताची वाट, सगळीकडे ती केस आधी पोचते.

पाकीट आणि पुडी या दोन टोकांना एकच कायदा लागू होतो. या लेखात म्हणायचं आहे ते एवढंच, की पुडीचा कायदा पाकिटाच्या कायद्यापासून वेगळा करायला हवा. पाकिटावरची पकड ढिली करा, असं त्यात कुठेही नाही.

हा कायदा १९८५चा. १६ सप्टेंबरला तो मंजूर झाला आणि १४ नोव्हेंबरपासून लागू. त्याआधी अफू, गांजा, भांग यांचा कारभार अबकारी खात्याकडे होता. परवाने होते, दुकानं होती, कर होता. १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने सही केली तेव्हा गांजाचा बिगरवैद्यकीय वापर थांबवायला २५ वर्षांची सवलत मिळाली होती. ती संपत आली होती. शिवाय ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात उतरली होती. घाई होती, भीती होती, आणि त्या दोन्हींतून कायदा झाला. १९८९ साली तो आणखी कठोर केला. व्यापारी टोळ्यांसाठी आखलेली दहा वर्षांची किमान शिक्षा अल्प प्रमाणाच्या जरा वर गेलेल्या माणसालाही लागू व्हायची. संसदेला हे जाणवायला २००१ उजाडलं. तेव्हा अल्प, मधलं आणि व्यापारी अशी तीन प्रमाणं ठरली. आज गांजासाठी अल्प म्हणजे एक किलोपर्यंत, हेरॉइनसाठी पाच ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोनसाठी दोन ग्रॅम. अल्प प्रमाणातल्या गांजाला आजही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि पदार्थ कोकेन किंवा हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

भांग मात्र या कायद्याच्या बाहेर आहे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. पानं वेगळी असतील तर ती गांजात धरली जात नाहीत. म्हणून शिवरात्रीची भांग चालते आणि त्याच झाडाचा शेंडा चिलमीत भरला की गुन्हा होतो. करार करताना भारताने मुद्दाम ही फट राखली होती. आपल्या परंपरेतल्या एका नशेला समजूतदारपणे कायद्याबाहेर ठेवता येतं, हे सरकारला तेव्हा ठाऊक होतं. भांगेचं जे आहे ते नियमनच आहे. ती विकायची की नाही, कुणी विकायची, हे राज्य ठरवतं.

या समजूतदारपणाला जुना आधार आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी वाचत नाही. १८९३ साली ब्रिटिश संसदेत ओरड झाली की हिंदुस्थानातले लोक गांजाने वेडे होताहेत, पागलखाने त्यांनी भरलेत. सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, आणि सभासदांत तीन हिंदी गृहस्थ. आयोगाने सगळ्या प्रांतांत मिळून ११९३ साक्षी घेतल्या. मुंबई इलाखा त्यात होता, आणि रत्नागिरी जिल्हा त्या इलाख्यात. अहवालाचे सात खंड झाले.

त्यातलं पागलखान्यांचं प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. आयोगाने १८९२ सालच्या दाखल रुग्णांच्या नोंदी मागवल्या. देशभरात १३४४ जण दाखल झाले होते आणि त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा-चरस लिहिलेलं होतं. आयोगाने एकेका रुग्णाच्या गावापर्यंत चौकशी नेली. तेव्हा समजलं की नोंद करताना कारण सापडत नसलं की कारकून किंवा पोलीस 'गांजा' लिहून मोकळा होत असे. छाननीनंतर जेमतेम ९८ नोंदी टिकल्या, आणि त्यांतही निव्वळ गांजाला चिकटवता येतील अशा ६१. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अति सेवनाने होतो, बंदी घातली तर लोक धोतऱ्यासारख्या अधिक घातक गोष्टींकडे वळतील, म्हणून कर, परवाने आणि मर्यादा यांनी वापर आटोक्यात ठेवावा, हा आयोगाचा निष्कर्ष. १८९४ साली, परकीय राज्यात, महसुलावर डोळा असलेल्या सरकारसाठी लिहिलेला अहवाल आहे हा. तेव्हा तो वेदवाक्य मानायचं कारण नाही. त्यांची पद्धत मात्र आजही शिकण्यासारखी आहे. आधी माणूस पाहा, मग कारण लिहा.

रत्नागिरीचं मनोरुग्णालयही त्याच एकोणिसाव्या शतकातलं. आज महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सगळ्या दक्षिण कोकणाला हाच आधार. आणि याच इमारतीच्या दाराशी आपल्या दोन कायद्यांची गाठ पडते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे २०१८ मध्ये लागू झाला, मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगातून येणारी अवस्था स्पष्ट शब्दांत घातली. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला व्यवहारात गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घ्यायची, असं कलम ११५ सांगतं. एका संसदेच्या एका कायद्याने जो रुग्ण आहे, तोच त्याच संसदेच्या दुसऱ्या कायद्याने आरोपी आहे. रत्नागिरीतला एखादा मुलगा सकाळी मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेला तर त्याला हक्क आहेत. संध्याकाळी तोच मुलगा पुडीसकट सापडला तर त्याच्यावर गुन्हा आहे. मग सकाळी जायचं धाडस तो का करेल? डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलिसांना कळेल, ही भीती व्यसनी माणसाच्या घरात असतेच असते. आईबाप वर्षानुवर्षं झाकून ठेवतात ते त्यामुळे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत, बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांमागे एकालाच कधीतरी रुग्णालयात राहून उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे एकोणीस कुठे आहेत? काही घरात कोंडलेले, काही रस्त्यावर, काही तुरुंगात.

तुरुंगात आणि न्यायालयात कोण जातं याचा एक अभ्यास 'विधी' या संस्थेने २०२० साली मांडला. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेले दहा हजारांहून अधिक खटले त्यांनी तपासले. बहुतेक सगळे स्वतःच्या सेवनाचे होते, आणि त्यांत गांजाचे फार मोठ्या संख्येने. आरोपी रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे. जवळपास सगळ्यांनी गुन्हा कबूल केला, कारण कबूल केलं की दंड भरून सुटका होते आणि लढायला बसलं की मजुरी बुडते. पोलिसांचा, सरकारी वकिलाचा, न्यायालयाचा एवढा वेळ चिलमीच्या राखेवर गेला.

याच मुंबईत याच कायद्याविषयी एक महत्त्वाचा निकालही लागला. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे यांच्या पीठाने, पुन्हा गुन्हा करणाऱ्याला फाशी अनिवार्य करणारं कलम ३१-अ तसंच्या तसं टिकणार नाही असं सांगितलं. फाशी द्यायचीच, हे बंधन गेलं, आणि २०१४ मध्ये संसदेनेही कायदा तसा बदलला. याचिका 'इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क' या संस्थेची होती. नशा करणाऱ्याचं नुकसान आधी कमी करा, नशा सुटेल तेव्हा सुटेल, हा विचार मानणाऱ्या लोकांची ती संस्था. महाराष्ट्रातल्या न्यायालयाने या कायद्याची धार कमी केली, हे आपण अभिमानाने सांगायला हवं.

कठोर कायद्याने आणखी एक घाव केला, तो ज्यांनी कधी नशा केली नाही त्यांच्यावर. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर मॉर्फीन हे स्वस्त आणि खात्रीचं औषध. अफूची परवान्याची शेती नीमच, मंदसौर, कोट्याच्या बाजूला आपल्याच देशात होते. पण १९८५ नंतर परवान्यांचं जाळं एवढं किचकट झालं की दवाखान्यांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४च्या दुरुस्तीत परवान्याची पद्धत सोपी झाली. मधल्या तीस वर्षांत किती माणसं कण्हत गेली असतील? कोकणातल्या खेड्यात तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या म्हाताऱ्याची रात्र ज्याने पाहिली आहे, त्याला या कायद्याचा राग येईल.

नियमन हा शब्द ऐकला की लोक दचकतात. म्हणजे आता दुकानात गांजा मिळणार का? कोकणाने नियमन आणि बंदी दोन्ही अंगावर घेतलेलं आहे. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात दुबईकडून येणाऱ्या सोन्याची बिस्किटं याच किनाऱ्यावर उतरत. तस्करीने माणसं श्रीमंत झाली, टोळ्या उभ्या राहिल्या. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, पुढे अनिवासी भारतीयांना शुल्क भरून सोनं आणता येऊ लागलं आणि समुद्रातला तो धंदा ओसरला. शुल्क वाढलं की विमानतळावर तस्करी पुन्हा डोकं काढते. सोन्याची नशा शरीराला लागत नाही, हे खरं. पण बेकायदा नफा कशाने फुगतो, एवढं या उदाहरणातून कळतं.

दारूचं उदाहरण अधिक जवळचं. आजही महाराष्ट्रात दारूबंदीचाच कायदा आहे, १९४९चा. मोरारजीभाईंच्या काळात पूर्ण बंदी आली, आणि तिच्याबरोबर हातभट्ट्या आल्या, नवसागर आला, मुंबईत भट्टीवाल्यांचे दादा आले. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत टप्प्याटप्प्याने परवाने आले. एक दिवसाचा परवाना, आजन्म परवाना, १९७३ पासून देशी दारूची नियमावली. बंदीचा कायदा तसाच ठेवून त्याच्या पोटात नियमन उभं केलं. रत्नागिरीत याचे गुणदोष दोन्ही दिसतात. गोव्यात कर कमी, म्हणून मुंबई-गोवा महामार्गावर गोवा बनावटीची दारू पकडण्यात राज्य उत्पादन शुल्क खात्याची बरीच शक्ती जाते. काजूची बोंडं झाडाखाली सडतात, तर शेजारच्या गोव्यात त्यांची फेणी होते आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू आणि मोहाच्या दारूबाबत धोरण बदललं, तेव्हा बागायतदारांना थोडी आशा वाटली.

पण नियमन म्हणजे सरकारने गल्ला मांडून बसणं नव्हे, हे दारूच्या बाबतीत आपण साफ विसरलो. अबकारी महसुलाची सरकारला इतकी सवय झाली आहे की गावातलं दुकान बंद करायला बायकांना मतदान करावं लागतं. बाटली आडवी व्हायला निम्म्याहून अधिक महिला मतदारांचा कौल लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि डॉ. अभय बंग यांनी ती टिकावी म्हणून आयुष्य वेचलं. चंद्रपुरात २०१५ला आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं मी बाजूला सारू शकत नाही. दारू सहज मिळाली की पिणारे वाढतात, आणि त्याची किंमत बाईच्या अंगावर वसूल होते. म्हणूनच गांजा किंवा इतर कुठल्याही पदार्थाचं दुकान उघडण्याच्या बाजूने मी नाही. पण बंदी असलेल्या गडचिरोलीतही 'मुक्तिपथ'सारखा कार्यक्रम उभारावा लागला, गावोगाव उपचार न्यावे लागले. बंदी आहे म्हणून पिणाऱ्याला सोडून दिलं नाही. विक्रेत्याला अडवा आणि पिणाऱ्याला हात द्या, हे त्या कामाचं सूत्र. अमली पदार्थांच्या कायद्याला नेमकं हेच लागू करायचं आहे.

पोर्तुगालने जवळपास हेच केलं. जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापरापुरता कुठलाही अमली पदार्थ जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. पदार्थ बेकायदाच राहिले, विकणारा तुरुंगातच जातो. सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी एका छोट्या समितीपुढे जातो. तिथे कायदेतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक असतात. बहुतेकांना समज देऊन सोडतात, गरज असेल त्याला उपचाराकडे नेतात. सुईतून पसरणारा एचआयव्ही तिथे झपाट्याने खाली आला. उलट अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदानाने शिक्षा काढून टाकली, पण उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही. रस्त्यांवर उघड नशा वाढली, लोक चिडले, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती पुन्हा गुन्हा ठरली. थायलंडने २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला, नियम करायला विसरला, दुकानं फोफावली, आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून मागे फिरावं लागलं. क्रम चुकला की चांगला कायदाही बदनाम होतो. आधी दवाखाना, मग कायदा.

आपल्याकडे दवाखान्याचा नमुना परक्या देशातून आणायची गरज नाही. १९८६ साली २९ ऑगस्टला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. अवचटांचं 'गर्द'वरचं, म्हणजे ब्राउन शुगरवरचं, लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात दिला. सुनीताबाई रत्नागिरीच्या. कायदा लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिल्लीत ब्राउन शुगरवाल्या पोरांसाठी शिक्षेची वर्षं मोजली जात होती, आणि इथे एक डॉक्टर त्यांना रुग्ण म्हणून भरती करून घेत होती. मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्तीचं घर उभं राहू शकतं, हे मुक्तांगणने दाखवलं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाभोवती तशी ताकद उभी करायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. डॉक्टर हवेत, समुपदेशक हवेत, खेड-चिपळूण-राजापूरला आठवड्यातून एकदा पोचणारी फिरती सेवा हवी. मासेमारी बोटींवरच्या खलाशांसाठी, ज्यांत नेपाळी मुलंही आहेत, त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस मिरकरवाडा बंदरावर हवा.

एमडीचा प्रश्न मात्र या मांडणीत सहज बसत नाही. मेफेड्रोन शेतात उगवत नाही, रसायनांच्या कारखान्यात बनतं. २०१५ साली ते कायद्याच्या यादीत आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो पकडलं. ज्या जिल्ह्यात लोटे परशुरामसारखी रसायन कारखान्यांची वसाहत आहे, तिथे हे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. पोलिसांचं मनुष्यबळ मर्यादित असतं. ते एकेका पुडीमागे घालवायचं की बंद कारखान्यात रात्री कुठली भट्टी पेटते ते शोधण्यात, हा निवड करण्याचा प्रश्न आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, मुंबईच्या क्रूझ जहाजावर अमली पदार्थांसाठी पडलेल्या छाप्याने देश ढवळून निघाला त्याच महिन्यात, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या सेवनापुरतं अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळावं असं सुचवल्याच्या बातम्या आल्या. नंतर तो विषय दिल्लीत कुठेतरी अडकला. तो पुन्हा काढण्याचं काम कोकणातल्या खासदारांचंही आहे.

दिल्लीची वाट न पाहता करता येईल असं मात्र आजच्याच कायद्यात आहे. कलम ६४-अ म्हणतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत आपणहून उपचाराला गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ न्यायालयाला, दोषी ठरलेल्या अशा माणसाला त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडण्याचा अधिकार देतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय सरकारीच आहे. पुडीसकट पकडलेल्या मुलाला पहिल्या दिवशी न्यायालयात उभं करताना ही दोन कलमं त्याला मराठीत वाचून दाखवणारा माणूस तिथे हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने असा एक वकील आणि मनोरुग्णालयाने एक समुपदेशक नेमून दिला, तर हे येत्या महिन्यापासून सुरू होऊ शकतं.